मर्यादा शेवटच्या स्टेशनाची

भुयारी रेल्वेमार्गावर तासाला किती गाड्या सोडता येतील, असा प्रश्न आला की आपले लक्ष आधी वेगाकडे जाते. पण खरी अडचण पुष्कळदा भुयारात नसतेच. ती असते शेवटच्या स्टेशनात. लंडनमध्ये हा धडा फार लवकर मिळाला.

१८९० साली तिथे ‘सिटी अँड साउथ लंडन’ ही जमिनीखाली खोलवरून, विजेवर धावणारी पहिली रेल्वे सुरू झाली. स्टॉकवेलहून थेम्स नदीखालून ती किंग विल्यम स्ट्रीटला जाई. जायला एक भुयार, यायला दुसरे. मात्र किंग विल्यम स्ट्रीटला पोचल्यावर दोन्हींसाठी मिळून रूळ एकच! मुळात हा मार्ग दोराने ओढायच्या गाड्यांसाठी आखला होता; विजेची इंजिने नंतर ठरली. त्यामुळे आलेल्या गाडीचे इंजिन पुढच्या टोकाला अडकून पडे. दुसरे इंजिन मागून येऊन डबे ओढून नेई, तेव्हा कुठे पहिले मोकळे होई.

आपण हिशोब करून पाहू. गाडी आत शिरल्यापासून रूळ रिकामा होईपर्यंत ४ मिनिटे लागतात असे धरू. म्हणजे तासाला ६० ÷ ४ = १५ गाड्या. भुयारातून दर २ मिनिटांनी गाडी नेता येत असली, तरी उत्तर १५ च!

१८९५ मध्ये कंपनीने स्टेशनात दोन रूळ घातले. आता एक गाडी उभी असताना दुसरी आत येऊ शके. तरी येणारी आणि जाणारी गाडी सांध्यांवर एकमेकींची वाट अडवतच. शिवाय स्टेशनाजवळ चढ आणि अवघड वळण होतेच. अखेर १९०० साली नवी भुयारे खणून मार्ग मूरगेटला नेला आणि जेमतेम नऊ वर्षे वापरलेले हे स्टेशन बंद केले.

पुढे दोन्ही टोकांना चालकाची जागा असलेल्या गाड्या आल्या. इंजिन बदलणे संपले. सांधे मात्र राहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर २०१७ मध्ये गर्दीच्या वेळी ताशी ३६, म्हणजे दर १०० सेकंदांना एक गाडी धावू लागली. त्यासाठी नवे सिग्नल पुरले नाहीत. वॉल्थमस्टोच्या टोकाचे सांधेही २०१५ मध्ये बदलावे लागले.

हे वर्गातही करून पाहता येईल. मुलांची रांग एकाच दारातून आत न्या आणि त्याच दाराने बाहेर आणा. मुलांना चालण्याचा वेग वाढवायला सांगा. मिनिटाला किती मुले परततात ते मोजा. मर्यादा पायांची की दाराची, हे मुलेच सांगतील.