नारिंगांच्या सावलीतले सेव्हिल

मंडळींबरोबर प्रवास केला की माणूस मंडळींनाच पाहतो. एकट्याने केला की गाव पाहतो. दक्षिण स्पेनमधले सेव्हिल हे शहर अशा एकट्या प्रवाशासाठीच जणू वसले आहे. पाठीवर एक पिशवी, पायांत मजबूत वहाणा आणि हाताशी तीन दिवस असले म्हणजे पुरे. पाहण्याजोगे बहुतेक सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे, आणि रात्री उशिरापर्यंत रस्ते माणसांनी फुललेले असल्यामुळे एकट्यालाही एकटे वाटत नाही. वसंतात येथे फेरिया भरते. १८४७ साली गुराढोरांचा बाजार म्हणून सुरू झालेली ही जत्रा आता कापडी मंडपांची, घोडागाड्यांची आणि नाचगाण्यांची झाली आहे. पण या गजबजाटात हिंडता हिंडता एक जुना प्रश्न प्रवाशाच्या मागे लागतो: जिंकणारा जिंकतो म्हणजे नेमके काय जिंकतो?

पहिल्या दिवशी पाय आपोआप हिराल्दा मनोऱ्याकडे वळतात. अल्मोहद सुलतानांनी आपल्या मशिदीसाठी हा मिनार ११८४ ते ११९८ या काळात उभारला. वर जायला पायऱ्यांऐवजी पस्तीस उतरत्या फरसबंद चढणी आहेत; बांग देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावे म्हणून त्या केल्या, असे सांगतात. २३ नोव्हेंबर १२४८ रोजी कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतले. मिनार परक्यांच्या हाती पडू नये म्हणून तो पाडण्याची परवानगी मुसलमानांनी मागितली. तेव्हा एक वीट हलली तरी सर्वांची कत्तल करीन, असे राजपुत्र आल्फोन्सोने बजावले, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे काही असो, मिनार वाचला. मशिदीच्या जागी पुढे प्रचंड कॅथीड्रल उठले, आणि १५६८ साली मिनाराच्या माथ्यावर घंटांचे मजले पुरे झाले. तरी खालचा बराचसा भाग आजही त्या जुन्या विटांचाच आहे. विटांना असा आसरा मिळाला. त्या रचणाऱ्यांच्या नातवंडांना मात्र महिन्याभरात घरदार सोडून बाहेर पडावे लागले.

कॅथीड्रलमध्येच फर्नांदोची समाधी आहे. तिच्यावरचे लेख चार भाषांत आहेत: लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी आणि हिब्रू. ज्यांचे शहर घेतले त्यांच्याच भाषेत घेणाऱ्याची स्तुती, याला गर्व म्हणावे की सौजन्य? दोन्ही असेल. परंतु या चारही भाषा बोलणारी माणसे आपल्या राज्यात आहेत, हे त्या काळच्या दरबाराला निदान ठाऊक होते.

दुसरा दिवस अल्काझार राजवाड्याचा. येथे तर इतिहासाची मोठीच मौज आहे. १३६४ साली ख्रिस्ती राजा पेद्रो याने आपला महाल बांधवून घेतला तो मुसलमान कारागिरांकडून, त्यांच्याच शैलीत. दर्शनी भिंतीवरच्या निळ्या अरबी अक्षरांत एकच वाक्य पुनःपुन्हा कोरले आहे, आणि त्याचा अर्थ असा की, ईश्वरावाचून दुसरा कोणी विजेता नाही. ते ग्रेनाडाच्या मुसलमान राजघराण्याचे ब्रीद. ख्रिस्ती राजाच्या दारावर ते आजही तसेच आहे.

राजवाड्याला लागूनच सांता क्रूझचा मोहल्ला आहे. पांढरी घरे, फुलझाडांच्या कुंड्या, दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या. हा एके काळचा ज्यूंचा मोहल्ला. ६ जून १३९१ रोजी चिथावलेल्या जमावाने येथे शिरून कत्तल केली. नव्वद वर्षांनी, १४८१ साली, धर्मन्यायासनाने याच शहरात पहिल्यांदा माणसे जाळली. चार भाषांतल्या त्या समाधीपासून ही गल्ली पायी पाच-दहा मिनिटांवर आहे. प्रवाशाने हे अंतर सावकाश चालावे.

तिसऱ्या दिवशी नदी. तिचे नाव ग्वादाल्किविर, म्हणजे अरबीत 'मोठी नदी'. १० ऑगस्ट १५१९ रोजी मॅगेलनची पाच जहाजे येथून निघाली. सप्टेंबर १५२२ मध्ये, पृथ्वीला वळसा घालून, त्यांपैकी एकच परत आले, अठरा माणसे घेऊन. मॅगेलन स्वतः वाटेत फिलिपाईन्समध्ये मारला गेला होता. परतलेले खलाशी दुसऱ्या दिवशी हातात मेणबत्त्या घेऊन अनवाणी देवळात गेले.

नव्या जगाच्या व्यापाराची मक्तेदारी १५०३ सालापासून सेव्हिलकडे होती. अमेरिकेची चांदी याच धक्क्यांवर उतरे. पण १६४९ च्या प्लेगने जवळजवळ निम्मे शहर नेले, नदी गाळाने भरत गेली, आणि १७१७ साली व्यापाराची कचेरी समुद्रकाठच्या कादिझला हलवण्यात आली. व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी बांधलेली भव्य इमारत ओस पडली. १७८५ साली तिच्यात वसाहतींचे दप्तर आणून ठेवले. सुमारे त्रेचाळीस हजार गठ्ठे, आठ कोटी पाने! पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल पाहिलेल्याला त्या गठ्ठ्यांपुढे परके वाटणार नाही. साम्राज्य मोडल्यावर मागे उरायचे ते कागदच.

नाही, आणखी एक गोष्ट उरली. या शहरात रस्तोरस्ती नारिंगांची झाडे आहेत. वसंतात त्यांच्या मोहोराचा वास गल्लीबोळांत भरून राहतो. ही कडू नारिंगे अरबांनी स्पेनमध्ये आणली. स्पॅनिश लोक त्यांना 'नारांखा' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, अरबीत फार्सीतून, आणि फार्सीत आपल्या संस्कृत 'नारंग'वरून. 'असूकार' म्हणजे साखर, तिचीही वाट हीच: मूळ शब्द शर्करा.

वाचकहो, ज्यांनी ही झाडे लावली त्यांच्या शेवटच्या वंशजांना १६१० साली याच नदीतून गलबतांत घालून देशाबाहेर काढले. हुकूम राजाचा होता आणि तो अमलातही आला. मात्र काढणारे आणि काढलेले, दोघेही साखरेला साखरच म्हणत राहिले. दिवाळीच्या फराळावर साखर पेरताना आपणही तोच शब्द बोलतो.