मुंबईचे पहिले खाजगी नभोवाणी केंद्र : उदय आणि अस्त (१९२७-१९३०)

भारतीय नभोवाणीचा इतिहास बहुधा सरकारी खात्यापासून सांगितला जातो. त्यामुळे त्यापूर्वीचा खाजगी प्रयोग दुर्लक्षित राहतो. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. महिनाभराने कलकत्ता केंद्र सुरू झाले. पंधरा लाखांच्या योजिलेल्या भांडवलापैकी सहा लाखच जमले आणि त्यांतील साडेचार लाख केंद्रांच्या उभारणीतच खर्ची पडले. दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकाची खात्रीची कक्षा सुमारे तीस मैल. पुण्याचा श्रोता तिच्याबाहेरच!

श्रोत्यांच्या अनास्थेमुळे कंपनी बुडाली, असे म्हणणे अपुरे ठरेल. मूळ दोष उत्पन्नाच्या रचनेत होता. वार्षिक परवाना शुल्क दहा रुपये असे व त्यातील ८० टक्के कंपनीस मिळत. १९२९ अखेरचे परवाने ७,७७५, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ६२ हजार रुपये. खर्च मात्र आरंभी दरमहा सुमारे ३३ हजारांचा होता. आयात यंत्रांवरील १० टक्के आकारणीनेही ही तूट भरून निघाली नाही. विनापरवाना ऐकणाऱ्यांस रोखणारा परिणामकारक कायदाही नव्हता.

१ मार्च १९३० रोजी कंपनी अवसायनात निघाली. एप्रिलमध्ये सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनेही ती बंद करण्याचे ठरविले. परंतु लोकांच्या विरोधामुळे तो निर्णय मागे घ्यावा लागला. विनापरवाना यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला १९३३ साली. मुंबईत पुन्हा स्वतंत्र खाजगी केंद्र ऐकू येण्यास २००२ साल उजाडले.