काच, आगकाडी, सेल आणि स्क्रीन : ॲनिमेशनची साधने कशी निवडली गेली

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, भूम या भागातली चित्र काढणारी मुलं-मुली भेटली की आम्हाला हमखास एकच प्रश्न विचारतात. ‘ॲनिमेशन करायचंय, कोणता टॅबलेट घेऊ?’ प्रश्न साधा वाटतो. पण चांगला टॅबलेट आणि तो चालवणारा कॉम्प्युटर घ्यायचा तर मोठी रक्कम लागते, आणि सोयाबीनच्या पट्टीतून ती बाजूला काढायची म्हणजे घरात चर्चा होणारच. म्हणून आज हा प्रश्न आपण इतिहासाला विचारू. आपल्याकडच्या माणसांनी चित्रं हलवण्यासाठी कोणती साधनं निवडली, आणि का?

सुरुवात कल्याणपासून करू. १८९२ च्या सुमारास तिथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. पुराणातला शंबरासुर मायावी, म्हणून मायेचा दिवा असं ते नाव. इंग्रजीत ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत, तेच हे यंत्र. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे हा खेळ त्याच्याही आधीचा. पटवर्धनांनी काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हातानं रंगीत चित्रं काढून घेतली. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर असत. एकाहून जास्त दिवे वापरून त्या काचा भराभर बदलल्या की पडद्यावरचं पात्र हालचाल करतंय असं वाटे. जोडीला निवेदन आणि संगीत. रामायण-महाभारतातल्या कथा लोकांनी अशा पाहिल्या.

इथे साधन कोणतं, तर काच, रंग आणि दिवा. यात कष्ट दोनदा होते. एकदा चित्र काढताना, आणि पुन्हा प्रत्येक खेळाच्या वेळी, कारण काचा बदलणारा हात चुकला तर हालचाल बिघडणार. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यातल्या काही काचा आजही टिकून आहेत.

आता दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १८७० चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून झालेला माणूस. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्याही आधी, भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीतल्या रोपट्याची वाढ कॅमेऱ्यात टिपली होती. रोप सावकाश वाढतं, कॅमेरा थांबत थांबत चित्र घेतो, आणि पडद्यावर ते झरझर वर येतं. एक-एक चौकट स्वतंत्र घेता येते, ही ॲनिमेशनची किल्ली त्यांच्या हातात तेव्हाच आली.

मग १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. पहिल्या महायुद्धाचे दिवस, पैशाची ओढाताण. अशा वेळी त्यांनी काय निवडलं? काडेपेटी! काडी थोडी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरल्या, तर एका मिनिटाला झाल्या ९६०. तेवढी चित्रं काढायला महिने गेले असते. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये ‘फँटास्मागोरी’ या दीड-दोन मिनिटांच्या फिल्मसाठी सुमारे सातशे चित्रं काढली होती. काडीला मात्र रेखाटन लागत नाही, रंग लागत नाही. लागतो तो धीर. हाताशी काय आहे आणि किती माणसं आहेत, हे पाहून केलेली ही निवड होती. दुर्दैव असं की ती फिल्म आज उपलब्ध नाही. काच राहिली, फिल्म गेली.

यानंतर चित्र बदललं ते सेलमुळे. सेल म्हणजे पारदर्शक सेल्युलॉइडचा ताव. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी, की मागचा देखावा एकदाच रंगवायचा आणि हलणारं पात्र तेवढं सेलवर काढून त्यावर ठेवायचं. झाडं, घरं, डोंगर पुन्हा पुन्हा काढायचे कष्ट वाचले. पण दुसरे कष्ट जन्माला आले. कागदावरची पेन्सिलची रेघ शाईनं सेलवर गिरवायची, मग सेल उलटा करून पाठीमागून रंग भरायचा. हे काम करणाऱ्यांची वेगळी फळीच तयार झाली. डिस्नेच्या स्टुडिओत या विभागात बहुतेक बायका होत्या, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं सहसा नसत. साधन बदललं की कष्ट संपत नाहीत, ते एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

आपल्याकडे पुण्यात प्रभात फिल्म कंपनीनं १९३४ च्या सुमारास ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा कार्टूनपट केला, पण सेलचं काम नीट बसलं ते सरकारी छत्राखाली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये क्लेअर वीक्स आले. डिस्नेकडे ‘बाम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेला हा कलाकार. त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन अशी मंडळी तयार झाली आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ ही जातककथेवरची फिल्म आली. फिल्म्स डिव्हिजनच्या छोट्या फिल्म मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. गावोगावच्या पडद्यांवर भारतीय ॲनिमेशन पोचलं ते या वाटेनं.

आता एक गणित करा. आवाजी फिल्मला सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तर सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे मिनिटाला ७२०. सात मिनिटांच्या फिल्मला पाच हजारांवर. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. यावर तोड काय? १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ आठवा. विजया मुळे यांची फिल्म, भीमसेन यांचं ॲनिमेशन, वसंत देसाईंचं संगीत. त्यातल्या आकृती साध्या, सपाट, मोजक्या रेघांच्या आहेत. पक्षी एकत्र उडाले आणि जाळं उचललं गेलं, की गोष्ट कळते. प्रत्येक पीस हलवायची गरजच नाही. साधन तेच, पण काय हलवायचं आणि काय नाही, हे आधी ठरवलेलं. पन्नास वर्षं झाली, लोक अजून ती विसरलेले नाहीत.

मग कॉम्प्युटर आला. डिस्नेच्या ‘द रेस्क्युअर्स डाऊन अंडर’मध्ये, १९९० साली, रंगकाम पूर्णपणे कॉम्प्युटरवर झालं. रेखाटन हातानंच, पण सेल गेला, आणि त्याबरोबर शाई-रंगाची ती फळीही गेली. १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’नं कागदही बाजूला ठेवला. पुढे फ्लॅश आलं आणि एकटा माणूस घरी बसून कार्टून करू लागला. हे मोठंच स्वातंत्र्य होतं. पण २०२० च्या अखेरीला फ्लॅश प्लेअर बंद झाला. ज्यांनी आपलं काम दुसऱ्या प्रकारात साठवून ठेवलं नव्हतं, त्यांच्या फायली पाहणं अवघड झालं. सव्वाशे वर्षांपूर्वीची काच उजेडासमोर धरली तरी दिसते. वीस वर्षांपूर्वीची फाईल उघडेलच असं नाही.

तेव्हा, मंडळी, इतिहास आपल्याला टॅबलेटचं नाव सांगत नाही. तो तीन प्रश्न देतो. या साधनानं माझे नेमके कोणते कष्ट वाचतील? मी एकटा आहे की चार जण आहोत? आणि दहा वर्षांनी हे काम मला पाहता येईल का?

हे प्रश्न घेऊन आपल्या जिल्ह्याकडे पाहा. तेर हे गोरोबाकाकांचं गाव, कुंभाराच्या मातीचं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात प्राचीन तगर नगरीतल्या मातीच्या मूर्ती आहेत. तिथल्या मुलांनी मातीची बाहुली करून मोबाईलवर एक-एक फोटो घेत ती हलवली, तर ती फाळक्यांच्याच वाटेनं जातील. हाताला रेघेची ओढ असेल तर कागद, मागे बल्ब लावलेली काच आणि स्टँडवर मोबाईल, एवढ्यावर पहिली शंभर-दोनशे चित्रं काढा. घरात कॉम्प्युटर असेल तर क्रिटा, पेन्सिल टूडी, ओपनटून्झ, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आणि काम संपलं की प्रत्येक चौकट साध्या चित्राच्या फाईलमध्येही साठवा. कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ती उघडेल.

एवढं केल्यावर तुमचा हात कुठे अडतो ते तुम्हालाच कळेल. रंग भरण्यात वेळ जातोय? रेघ पुसून पुन्हा काढण्यात जातोय? मग टॅबलेट घ्यायचा का, आणि कोणता, हे घरी बाबांना नीट समजावून सांगता येईल. पैसा त्यांचा आहे, त्यांना ते कारण कळायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.