कुंपणच शेत खातं तेव्हा

मंडळी, लहान मुलाला मधुमेह झाला की घरात पहिला प्रश्न येतो, "गोड फार खायला दिलंत का?" आणि बोट बहुधा आईकडेच जातं. शहाडमध्ये काय, परदेशात काय, सारखंच. या प्रश्नाचं खरं उत्तर मिळायला शास्त्राला पाऊणशे वर्षं लागली. का, ते आज आपण पाहू.

1897 साली हाफकिननं मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. प्रतिकारशक्ती म्हणजे बाहेरच्या शत्रूशी लढणारी राखणदार, हीच तेव्हाची समजूत. 1901च्या सुमारास पॉल एर्लिखनं मांडलं की शरीर स्वतःवरच विषारी मारा होऊ देत नाही. पुढच्यांनी त्याचा अर्थ लावला, 'असं घडूच शकत नाही.' आता विचार असा पक्का झाला की समोरचंही दिसत नाही!

1922 साली टोरोंटोत 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळालं, मुलं जगू लागली. पण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात कशानं, हे कोडं राहिलंच.

1956 साली लंडनमध्ये डेबोरा डोनिअक आणि सहकाऱ्यांना दिसलं की थायरॉइडच्या एका आजारात शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. 1965 साली ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्सनी, मधुमेह सुरू झाल्यावर लवकरच दगावलेल्या 22 रुग्णांची स्वादुपिंडं तपासली. 15 जणांत बीटा पेशींच्या पुंजक्यांभोवती लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशी, जमलेल्या होत्या. 1974 साली बोताझो आणि डोनिअक यांना या पुंजक्यांविरुद्धच्या अँटिबॉडीही सापडल्या. कुंपणच शेत खात होतं. अँटिबॉडी हा त्याचा माग. प्रत्यक्ष मारा मुख्यतः टी पेशींचा. तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुकाट चालतो. तहान लागते, वजन उतरतं, तोवर बऱ्याच बीटा पेशी गेलेल्या असतात.

हे आपल्याकडेही तसंच का? 2020 साली पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि एक्झिटर विद्यापीठ यांनी दाखवलं की युरोपीय रुग्णांवरून काढलेला जनुकीय जोखमीचा गुणांक भारतीयांतही टाइप वन ओळखायला उपयोगी पडतो. आणि 2022 साली अमेरिकेत टेप्लिझुमॅबला मान्यता मिळाली. हे औषध टी पेशींना आवर घालतं. चाचणीत आजार साधारण दोन वर्षं लांबला.

तत्त्वज्ञानात आम्ही 'स्व' आणि 'पर' यांवर तास घेत आलो. इथं कळतं की आपलं कोण, हे ओळखण्यात शरीरही चुकतं. ती चूक आईच्या माथी मारू नका. आणि कुणी काढा-चूर्ण सुचवलं म्हणून मुलाचं इन्सुलिन थांबवू नका. गेलेल्या पेशींचं काम तेच करतं.