घरातला एकच संगणक आणि लिनक्स : 'वापरून पाहण्या'चा इतिहास

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सहसा आज्ञावली आणि परवाना या दोन खुंट्यांना टांगलेला असतो. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे कर्नल आले, आणि कथा पुढे सरकते. या कथेत घर कुठे नसते. एकाच संगणकात वडिलांचे हिशेब आणि मुलांचे प्रकल्प असताना नवी ऑपरेटिंग सिस्टीम 'नुसती बघू या' म्हणून लावण्याची किंमत काय होती? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

वास्तविक लिनक्सचा जन्मच घरगुती संगणकावरचा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या टोरवाल्ड्स यांनी ५ जानेवारी १९९१ रोजी ३८६ प्रोसेसरचा संगणक हप्त्यांवर घेतला. त्यावर त्यांनी मिनिक्स चढवली. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचलेली, फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यातून येणारी छोटी प्रणाली. २५ ऑगस्टला त्यांनी मिनिक्सच्या वापरकर्त्यांना कळवले, की आपण एक प्रणाली लिहीत आहोत, पण तो केवळ छंद आहे. (तिचे नाव 'फ्रीक्स' ठेवण्याचा त्यांचा मानस होता. सर्व्हरवर फाइल ठेवणाऱ्या आरी लेम्के यांनी फोल्डरला परस्पर 'लिनक्स' म्हटले. मराठी जिभेवर उपकारच झाले.)

पुढे जे घडले, त्यात या साऱ्या इतिहासाची भीती एकवटलेली आहे. विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करताना टोरवाल्ड्स यांच्याकडून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच 'फोन लावण्याची' आज्ञा गेली. मिनिक्सच्या विभागावर भलताच मजकूर लिहिला गेला आणि ती निकामी झाली. मिनिक्स पुन्हा चढवता आली असती. त्यांनी तसे केले नाही आणि स्वतःच्याच अपुऱ्या प्रणालीवर कायमचा मुक्काम हलवला. प्रणालीच्या जनकाला हे परवडले. सामान्य गृहस्थाला परवडणारे नव्हते.

कारण १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे आली, तरी ती लावण्याची रीत धास्ती भरवणारीच होती. बहुतेक संगणकांत संपूर्ण हार्ड डिस्क डॉसच्या, पुढे विंडोजच्या, एकाच विभागाने व्यापलेली असे. लिनक्सला जागा हवी तर तो विभाग लहान करायचा. फिप्स नावाची छोटी आज्ञावली मजकूर न पुसता हे काम करी, पण आधी सर्व फाइली डिस्कच्या एका टोकाला सरकवून घ्याव्या लागत, आणि बॅकअप घेऊन ठेवा, ही सूचना काही शोभेची नव्हती. नंतर लिलो हा बूट लोडर. तो बहुधा डिस्कच्या अगदी पहिल्या भागात बसे. तिथे गफलत झाली की दोन्ही प्रणालींपैकी एकही सुरू होत नसे. शेवटी पडद्यावर चित्र आणायचे, तर मॉनिटरची वारंवारता स्वतः लिहून द्यायची, आणि चुकीच्या आकड्याने जुन्या मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा माहितीपत्रकातच दिलेला. परवान्याने प्रत काढण्याचे स्वातंत्र्य दिले होते. निर्धास्तपणे करून पाहण्याचे स्वातंत्र्य ही निराळी गोष्ट होती, आणि ती यायला आणखी काही वर्षे जायची होती.

भारतात त्याआधी एक साधा अडथळा होता : प्रत मिळवायची कशी? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ किलोबिट होता. त्या वेगाने ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची, तर फोन न तुटता सहा दिवसांहून अधिक काळ लागला असता. म्हणून इथे लिनक्स तारेवरून कमी आणि कागदाच्या सोबतीने अधिक आले. 'पीसीक्वेस्ट' मासिकाने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी देण्यास आरंभ केला. त्यामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. बंगळुरूची लिनक्स संमेलने उभी करणारे तेच. भारतातील मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात या मासिकाच्या सीडीला एखाद्या संस्थेएवढे स्थान द्यायला हवे. सीडी एकाकडे येई आणि वर्गभर फिरे, अन् तसे फिरणे परवान्याला मान्यच होते.

भीती मोडली ती लाइव्ह सीडीने. कल्पना जुनी होती. १९९२ च्या अखेरीस आलेली इग्ड्रासिल ही प्रणाली थेट सीडीवरून चालवता येत असे. परंतु यंत्रातील सुटे भाग स्वतःहून ओळखण्याची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली डेबियनवर आधारित नॉपिक्स प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. दाबून भरलेली सुमारे २ गिगाबाइटची सामग्री ७०० मेगाबाइटच्या एका चकतीत मावली. ध्वनी, चित्र, नेटवर्क बहुधा आपोआप जुळत. सारे काम मेमरीत चाले, हार्ड डिस्कला स्पर्श नाही. सीडी काढून संगणक पुन्हा सुरू केला की घर होते तसे. गंमत अशी, की ज्या प्रणालीपायी मजकूर पुसला जाण्याची धास्ती होती, तिचीच सीडी बंद पडलेल्या विंडोजमधून फोटो आणि फाइली सोडवण्यासाठी लोक कपाटात ठेवू लागले.

यानंतर ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आली. अंतराळ पर्यटन करून आलेले दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ तिच्यासाठी पदरचा पैसा घालत होते. 'शिपइट' योजनेत मागेल त्याला सीडी टपालाने घरपोच मिळे, टपालखर्चही कंपनीचाच. जून २००६ च्या आवृत्तीत तर चालवून पाहण्याची आणि कायमची लावण्याची सीडी एकच झाली. आधी पाहा, पटले तर त्याच पडद्यावरचे चिन्ह दाबा. विभाजनाचा प्रश्न त्या चिन्हामागेही होताच, पण तो आता पाहणीनंतर येत होता.

एप्रिल २०११ मध्ये शिपइट बंद झाली. ब्रॉडबँड आणि पेनड्राइव्ह यांनी तिची गरज संपवली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले असंख्य चालते संगणक त्या दिवशी घराघरांत होते. त्यांतील अनेकांच्या मालकांना पेनड्राइव्ह लावून, हार्ड डिस्कला हात न लावता, दुसरी प्रणाली आजही तासाभरात पाहता येते.