मिर्झा, सानिया : सुरुवातीची कारकीर्द

मिर्झा, सानिया : (१५ नोव्हेंबर १९८६ – ). भारतीय टेनिसपटू. जन्म मुंबईचा, वाढली आणि घडली हैदराबादेत. महिला दुहेरीत जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान (२०१५) आणि दुहेरी व मिश्र दुहेरीची मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे ही तिची पुढची कमाई. प्रस्तुत नोंद त्याआधीच्या, म्हणजे साधारण २००३ ते २००८ या काळापुरती आहे. एकेरीची खेळाडू म्हणून ती तेव्हा ओळखली जात होती आणि देशाचे तिच्याकडे प्रथम लक्ष गेले तेही याच काळात. दुहेरीच्या झळाळीत ही वर्षे नुसत्या प्रस्तावनेसारखी वाचली जातात. भारतीय महिला टेनिसच्या दृष्टीने मात्र तीच अधिक दुर्मिळ आहेत.

ती का दुर्मिळ, हे कळण्यासाठी आधीचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. विंबल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे मुंबईच्या लीला राव, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या कन्या. ते साल १९३४. त्यानंतर मोठी पोकळी. क्रिकेटपटू अशोक मंकड यांच्या पत्नी निरुपमा मंकड १९७१ मध्ये आनंद अमृतराज यांच्या साथीने विंबल्डनच्या मिश्र दुहेरीत उतरल्या. पुढे १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निरुपमा वैद्यनाथन यांनी एकेरीच्या मुख्य फेरीत एक सामना जिंकला, आणि व्यावसायिक खेळाडूंना स्पर्धा खुल्या झाल्यानंतरच्या काळात भारतीय महिलेचा ग्रँड स्लॅम एकेरीतला तो पहिला विजय ठरला. चौसष्ट वर्षांचा हा हिशेब एवढ्यात संपतो. पुरुषांकडे रामनाथन कृष्णन, विजय अमृतराज, रमेश कृष्णन, लिएंडर पेस अशी सलग परंपरा होती. महिलांकडे एकेकटी नावे होती.

सानियाचे वडील इम्रान मिर्झा क्रीडा पत्रकारितेत आणि छपाईच्या व्यवसायात होते. तिच्या प्रशिक्षणाची बरीचशी सूत्रे त्यांनीच हाती ठेवली. आई नसीमा दौऱ्यांवर सोबत असत. घराण्यात क्रिकेट होतेच : भारताचे कर्णधार गुलाम अहमद आणि पाकिस्तानचे कर्णधार आसिफ इक्बाल हे दोघेही तिच्या नात्यातले. सहाव्या वर्षी हातात रॅकेट आली. मुलगी फारच लहान आहे म्हणून प्रशिक्षकाने आधी घ्यायला नकार दिला आणि काही आठवड्यांतच आईवडिलांना बोलावून तिचे फटके पाहायला लावले, ही हकिकत तिने अनेकदा सांगितली आहे. टेनिसपटू महेश भूपतीचे वडील सी. जी. के. भूपती यांचेही मार्गदर्शन तिला लाभले. लहानपणचा सराव शेणाने सारवलेल्या कोर्टवर झाला, असेही ती सांगत असे. दक्षिण भारतात अशी कोर्टे पूर्वी सर्रास होती. तिथून थेट जागतिक स्पर्धांच्या सिमेंटच्या, मातीच्या आणि हिरवळीच्या कोर्टवर जाणाऱ्या मुलीला प्रत्येक वेळी चेंडूची उसळी नव्याने शिकावी लागणार, हे उघड आहे.

कनिष्ठ गटातून तिचे नाव झाले ते दुहेरीमुळे. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत पेसबरोबर तिने मिश्र दुहेरीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. जुलै २००३ मध्ये रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर तिने विंबल्डनची मुलींची दुहेरी जिंकली. ही जोडीदारीण तर अजून चौदाचीही नव्हती. त्याच वर्षी हैदराबादेत भरलेल्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत सानियाने चार सुवर्णपदके जिंकली. गावात सत्कार झाले. पण कनिष्ठ गटातले यश आणि व्यावसायिक क्रमवारी यांच्यात मोठी दरी असते, आणि भारतातल्या बहुतेक मुलींचे टेनिस त्याच दरीत संपते.

दरी रुंद होण्याचे कारण क्रमवारीच्या रचनेत आहे. डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) स्पर्धेच्या मुख्य फेरीत प्रवेश क्रमवारीनुसार मिळतो, क्रमवारी गुणांवर ठरते, आणि मोठे गुण मुख्य फेरीत खेळल्यावरच मिळतात. बाहेरच्या खेळाडूला आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) लहान स्पर्धांमधून कणाकणाने गुण जमवावे लागतात. बक्षिसाची रक्कम तिथे इतकी तुटपुंजी की प्रवासखर्चही निघत नाही. युरोपातली मुलगी आगगाडीने पुढच्या स्पर्धेला जाते, भारतातल्या मुलीला विमानाचे तिकीट आणि व्हिसा लागतो. या चक्राला एकच मधला दरवाजा असतो : वाइल्ड कार्ड. संयोजक काही जागा आपल्या मर्जीने देऊ शकतात आणि बहुधा त्या स्थानिक खेळाडूंना देतात. अर्थात त्यासाठी स्पर्धा आपल्या गावात असावी लागते.

हैदराबादेत ती होती. २००३ ते २००५ अशी तीन वर्षे तिथे डब्ल्यूटीए स्पर्धा भरली आणि सानियाच्या चढणीचा आलेख या एकाच स्पर्धेवरून काढता येतो. २००३ मध्ये वाइल्ड कार्डवर पदार्पण आणि पहिल्याच फेरीत हार. २००४ मध्ये पुन्हा वाइल्ड कार्ड. एकेरीत चौथी मानांकित ऑस्ट्रेलियाची निकोल प्रॅट हिच्याकडून एक सेट घेऊन पराभव, पण दक्षिण आफ्रिकेच्या लीझेल ह्यूबरबरोबर दुहेरीचे विजेतेपद. उरलेले वर्ष आयटीएफ स्पर्धांत गेले. त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. २००५ मध्ये याच स्पर्धेची एकेरी तिने जिंकली.

२००५ हे वर्ष मात्र सविस्तर पाहावे असे आहे. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिला वाइल्ड कार्ड मिळाले तेव्हा तिचे क्रमवारीतले स्थान दीडशेच्या पलीकडे होते. सिंडी वॉटसन आणि हंगेरीची पेत्रा मांडुला यांना हरवून ती तिसऱ्या फेरीत गेली. ग्रँड स्लॅम एकेरीत तिथवर तोपर्यंत एकही भारतीय महिला पोहोचली नव्हती. समोर सेरेना विल्यम्स. पहिला सेट १-६ असा सहज गेला, दुसऱ्यात ४-६ पर्यंत झुंज झाली. सेरेनाने पुढे ती स्पर्धा जिंकली. भारतात चर्चा राहिली ती दुसऱ्या सेटची. टेनिसकडे एरवी विंबल्डनच्या पंधरवड्यापुरते वळणाऱ्या प्रेक्षकांनी त्या आठवड्यात दूरचित्रवाणी लावली.

फेब्रुवारीत हैदराबादचा अंतिम सामना झाला. युक्रेनच्या अल्योना बोंडारेंकोला सानियाने ६-४, ५-७, ६-३ असे हरवले. डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या स्वतःच्या कारकिर्दीतही एकेरीचे हे एकमेव डब्ल्यूटीए विजेतेपद राहिले. लगेच दुबईत तिने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला ६-४, ६-२ असे नमवले. कुझनेत्सोव्हा तेव्हाची अमेरिकन ओपन विजेती. घरच्या प्रेक्षकांच्या जोरावर मिळालेले यश, अशी हैदराबादच्या विजेतेपदावर शंका घेणाऱ्यांना या निकालाने परस्पर उत्तर मिळाले. उपांत्यपूर्व फेरीत येलेना यांकोविचने तिला थांबवले.

फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर ती गिसेला दुल्कोकडून पहिल्याच फेरीत हरली. विंबल्डनमध्ये दुसऱ्या फेरीत कुझनेत्सोव्हा पुन्हा समोर आली. या वेळी तीन सेटपर्यंत लढून हार. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या हार्ड कोर्टवर तिचा खेळ खुलला. सॅन दिएगोत नादिया पेत्रोव्हावर विजय, फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम फेरीत लुसी साफारोव्हाकडून पराभव, आणि मग अमेरिकन ओपन. मशोना वॉशिंग्टन, मारिया एलेना कामेरिन आणि मारियॉन बार्तोली यांना हरवून ती चौथ्या फेरीत गेली. तिथे अव्वल मानांकित मारिया शारापोव्हाने तिला ६-२, ६-१ असे निष्प्रभ केले. शारापोव्हा वयाने तिच्याहून पाच महिन्यांनी लहान, पण वर्षभर आधीच विंबल्डन विजेती झालेली. ग्रँड स्लॅम एकेरीत सानियाची मजल यापुढे कधी गेली नाही. वर्ष संपताना क्रमवारीत ती ३१ वी होती आणि डब्ल्यूटीएने तिला वर्षातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरवले. पुढच्या वर्षी पद्मश्रीही मिळाली.

तिचा खेळ एका फटक्याभोवती उभा होता. फोरहँड ती मनगटाच्या झटक्याने मारी. चेंडू उशिरा घेऊनही त्याला वेग आणि कोन दोन्ही देता येत, त्यामुळे तो कुठे जाणार हे प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत कळत नसे. महिला टेनिसमधल्या तेव्हाच्या सर्वांत जोरकस फोरहँडमध्ये त्याची गणना होई. सर्व्हिस परतवण्यातही ती आक्रमक होती. दुसरी सर्व्हिस मात्र दुबळी. पहिल्या फळीतली खेळाडू त्या सर्व्हिसवर थेट हल्ला करी आणि सानिया आपल्याच सर्व्हिस गेममध्ये बचाव करताना दिसे. कोर्टभर धावण्याचा वेगही बेताचा. लांबलेल्या रॅलीत ती फटका मारून मोकळी होऊ पाही आणि चुकांची संख्या वाढे. शारापोव्हाविरुद्धची हार याच दोन उणिवांची होती.

दुहेरीत नेमक्या याच उणिवा झाकल्या जातात. निम्मे कोर्ट सांभाळायचे, सर्व्हिस चारांतून एकदाच करायची, आणि परतवण्याच्या जोरावर सामना फिरवायचा. तिने पुढे दुहेरीचा रस्ता धरला तो केवळ दुखापतीमुळे, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे. विंबल्डनच्या कनिष्ठ विजेतेपदापासून ह्यूबरबरोबरच्या यशापर्यंतचे निकाल पाहिले, तर दुहेरीची खेळाडू एकेरीच्या खेळाडूबरोबरीने, किंबहुना आधीच, तयार होत होती असे दिसते.

२००६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिला ३२ वे मानांकन मिळाले. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकन मिळालेली ती पहिली भारतीय महिला. दुसऱ्या फेरीत ती हरली. एव्हाना तिच्या खेळाचा अभ्यास झाला होता आणि आदल्या वर्षीचे गुण राखायचे ओझे होते. सप्टेंबरात कोलकात्यात मार्टिना हिंगिसने तिला उपांत्य फेरीत ६-१, ६-० असे धुतले. लगेच पुढच्या स्पर्धेत, सोलला, तिने हिंगिसलाच ४-६, ६-०, ६-४ असे हरवले. हीच हिंगिस नऊ वर्षांनी तिची जोडीदारीण होणार होती. वर्षअखेरीस दोहा आशियाई स्पर्धेत पेसबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण आणि एकेरीचे रौप्य. २००७ च्या सुरुवातीला गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यातून सावरून उन्हाळ्यात ती स्टॅनफर्डच्या अंतिम फेरीत पोहोचली. तिथे ॲना चाकवेताद्झे वरचढ ठरली, पण शहार पीरबरोबर तिथली दुहेरी सानियाने जिंकली. २७ ऑगस्ट २००७ रोजी क्रमवारीत ती २७ वी झाली. एकेरीतले तिचे हे सर्वोच्च स्थान.

कोर्टबाहेरचे वाद थोडक्यात सांगितलेले बरे. २००५ मध्ये तिच्या खेळाच्या पोशाखावर एका धर्मगुरूने आक्षेप घेतला आणि कोलकात्याच्या स्पर्धेत तिच्याभोवती पोलिसांचे कडे आले. पुढे मक्का मशिदीच्या आवारातले जाहिरातीचे चित्रीकरण, राष्ट्रध्वजाच्या अवमानाचा आरोप अशी प्रकरणे निघत राहिली. २००८ च्या बंगळूरच्या स्पर्धेत न खेळण्याचा निर्णय तिने याच सततच्या वादांना कंटाळून घेतला. विशी-एकविशीतल्या मुलीकडून वृत्तपत्रे टेनिसखेरीज प्रत्येक विषयावर मत मागत होती आणि ती ते देतही होती. मजकूर छापलेल्या तिच्या टी-शर्टांवरसुद्धा बातम्या झाल्या. त्यामानाने तिच्या दुसऱ्या सर्व्हिसवर फार कमी लिहिले गेले.

हैदराबादची स्पर्धा २००६ मध्ये बंगळूरला गेली आणि २००८ नंतर बंद पडली. कोलकात्याची २००५ ते २००७ एवढीच टिकली. त्यानंतर मुख्य डब्ल्यूटीए मालिकेतली स्पर्धा भारतात आली ती थेट २०२२ मध्ये, चेन्नईत. मधल्या काळात महाराष्ट्राने खालच्या १२५ श्रेणीच्या स्पर्धा भरवल्या : २०१२ मध्ये पुण्यात एलिना स्वितोलिना जिंकली, २०१७ मध्ये मुंबईत आर्यना सबालेंका. दोघीही पुढे जगातल्या अग्रगण्य खेळाडू झाल्या. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे तयार झालेली अंकिता रैना किंवा महाराष्ट्राची ऋतुजा भोसले यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांत सानियाला मिळाली तशी, दरसाल घरच्या कोर्टवर वाइल्ड कार्ड देणारी मुख्य मालिकेतली स्पर्धा देशात नव्हती. सानियाच्या उदयाचे श्रेय तिच्या फोरहँडला आणि घरच्यांच्या चिकाटीला आहेच. पण तो फटका दाखवायला तीन वर्षे लागोपाठ जागा मिळाली, ही गोष्ट त्या श्रेयातून वगळता येत नाही.

२००८ ची सुरुवात चांगली झाली. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ती पुन्हा तिसऱ्या फेरीत गेली आणि व्हीनस विल्यम्सकडून हरली. महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरीचे उपविजेतेपद मिळाले. मग उजवे मनगट दुखावले, म्हणजे फोरहँडचे मूळच. बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत इव्हेता बेनेशोव्हाविरुद्ध तिला सामना अर्धवट सोडावा लागला. त्या वर्षात मनगटावर शस्त्रक्रियाही झाली, महिनोन् महिने खेळ बंद राहिला, क्रमवारी घसरली. जानेवारी २००९ मध्ये भूपतीबरोबरच तिने ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी पट्टायाला एकेरीची आणखी एक अंतिम फेरी तिने गाठली आणि व्हेरा झ्वोनारेव्हाकडून हार पत्करली. एकेरीत ती आणखी काही वर्षे खेळत राहिली, पण पहिल्या तिसांत पुन्हा आली नाही.