नाव ‘हलाल’, पण जोखीम कोणाची? रोजच्या व्यवहारांबद्दल इस्लाम काय सांगतो

मोबाईल रोखीनं घेतला तर १२ हजार, सहा हप्त्यांत घेतला तर १३ हजार ५००. मग वरचे दीड हजार म्हणजे व्याज झालं का? उधारी, हप्ते, भिशी, भागीदारी अशा व्यवहारांत मुस्लिम कुटुंबांना असे प्रश्न रोज पडतात. त्यामागचे मूळ नियम समजले, तर बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात आणि फसवणूकही टळते.

नफा आणि व्याज यांत फरक काय?

कुराणातल्या सूरह बकराच्या २७५व्या आयतीत व्यापार हलाल आणि ‘रिबा’ म्हणजे व्याज हराम ठरवलं आहे. वरवर पाहिलं तर दोन्हीकडे पैसाच वाढतो. पण व्यापारी आधी माल स्वतःच्या मालकीचा करतो. तो खराब झाला, भाव पडला, तर तोटा त्याचाच. ही जोखीम उचलतो म्हणून त्याला नफ्याचा हक्क. कर्ज देऊन व्याज घेणाऱ्याचं तसं नसतं. समोरच्याचा धंदा चालो की बुडो, त्याचा आकडा ठरलेला. जोखीम सगळी एकाच्या डोक्यावर.

हप्त्यानं खरेदी

उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त ठेवायला बहुतेक फिकह अभ्यासकांची हरकत नाही. अट अशी, की माल विक्रेत्याच्या मालकीचा हवा आणि दुकानातून निघण्याआधी एकच किंमत पक्की व्हायला हवी. ‘रोख की उधार, नंतर बघू’ असं चालत नाही. हप्ता थकला म्हणून दुकानदारानं रक्कम वाढवली, तर ती वाढ मात्र व्याजात मोडते. दुकानदाराऐवजी फायनान्स कंपनी पैसे देऊन त्यावर जादा रक्कम घेत असेल, तर ते सरळ व्याजाचं कर्ज.

मोहोरावर बाग देणं

कोकण-गोव्यात आंब्याची बाग मोहोरावरच ठरवून देण्याची पद्धत आहे. फळ हाती लागण्याजोगं होण्याआधी विकायला पैगंबरांनी मनाई केल्याचं हदीसमध्ये येतं. वादळानं मोहोर गळाला, तर घेणाऱ्यानं पैसे कशाचे दिले? अशा अंधारातल्या सौद्याला ‘गरर’ म्हणतात.

पण शेतकऱ्याला हंगामाआधी पैसा लागतोच. त्यासाठी ‘सलम’ची सोय आहे. पूर्ण रक्कम आगाऊ द्यायची आणि मालाचा प्रकार, प्रत, वजन, देण्याची तारीख हे सगळं ठरवायचं. समजा, व्यापाऱ्यानं अमुक प्रतीच्या ५० क्विंटल गुळाचे पैसे आजच दिले आणि तारीख ठरवली, तर तो सलम. अमुकच बागेतला, अमुकच झाडांचा माल अशी अट मात्र घालता येत नाही.

भिशी आणि लीजचं घर

सगळ्यांनी सारखी रक्कम घालायची आणि पाळीनं एकेकानं उचलायची, ही साधी भिशी म्हणजे एकमेकांना दिलेलं बिनव्याजी उसनं. बहुतेक उलेमा ती जायज मानतात. बोली लावून उचलायची भिशी वेगळी. गरजवंत कमी रक्कम उचलतो, भरतो मात्र पूर्ण, आणि मधला फरक बाकीचे वाटून घेतात. त्यामुळे त्यात व्याज येतं, असं त्यांचं म्हणणं.

मोठी रक्कम देऊन बिनभाड्यानं राहायचं आणि घर सोडताना रक्कम परत घ्यायची, याला कर्नाटकात ‘लीज’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘हेवी डिपॉझिट’. ही रक्कम परत मिळणार असल्यानं तिला कर्ज मानलं जातं, आणि कर्जाच्या बदल्यात फुकट राहणं म्हणजे कर्जावरचा फायदा. म्हणून अनेक मुफ्ती त्याला हरकत घेतात.

भागीदारी

एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट, या भागीदारीला ‘मुदारबा’ म्हणतात. नफ्याचं प्रमाण आधी ठरतं, समजा ६०:४०. तोटा झाला तर भांडवलवाल्याचे पैसे जातात, काम करणाऱ्याचे कष्ट वाया जातात. काम करणाऱ्यानं हलगर्जी केली किंवा करार मोडला, तरच त्याच्याकडून भरपाई. ‘लाखाला दरमहा दोन हजार, मुद्दल सुरक्षित’ अशी हमी दिली की भागीदारी संपते. नाव काहीही असो, ते व्याजाचं कर्जच.

याच ठिकाणी हजारो कुटुंबांचे हात पोळले. बंगळूरची आयएमए कंपनी व्याज नव्हे, हलाल नफा देते असं सांगून पैसे घेत होती. जून २०१९ मध्ये ती बंद पडली आणि हजारो लोकांची बचत अडकली. भारतात इस्लामी बँकेला परवाना नाही. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं घेतल्याचं समोर आलं. नियमबाह्य ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे ‘आम्ही इस्लामी बँक आहोत’ म्हणत कोणी ठेव मागितली, तर आधी त्याची नोंदणी तपासा.

नात्यातलं असलं तरी लिहून ठेवा

कुराणातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली २८२वी, उधारीच्या नोंदीबद्दलच आहे. रक्कम, मुदत लिहा, लिहिणाऱ्यानं इमानानं लिहावं, साक्षीदार घ्यावेत. आपल्याकडे मात्र ‘भावाकडून कागद कसा मागायचा?’ म्हणून गप्प बसतात आणि पुढं बोलणंच बंद होतं. कागद म्हणजे अविश्वास नव्हे, नातं टिकवायची सोय. कायद्याच्या बाजूनंही लक्षात ठेवा: २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं उसनी घेणं आयकर कायद्यात बसत नाही. म्हणून व्यवहार बँकेतून करा.

कर्जदार खरंच अडचणीत असेल, तर हात सैल होईपर्यंत त्याला मुदत द्यावी, माफ केलं तर अधिक चांगलं, असं २८०वी आयत सांगते. ऐपत असून टाळाटाळ करणं मात्र हदीसमध्ये जुलूम मानलं आहे. मापात मारणं, मालातला दोष लपवणं, मजुराची मजुरी अडवणं यांनाही तितकीच सक्त मनाई आहे.

बचत खात्यावर जमा झालेलं व्याज स्वतः न वापरता, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला द्यावं, असा सल्ला बहुतेक मुफ्ती देतात. बारकाव्यांत मतभेद आहेत, म्हणून मोठा व्यवहार असेल तर जाणत्या मुफ्तींना आणि वकिलाला, दोघांनाही कागद दाखवावा.

सही करण्याआधी चार प्रश्न

१. माल खरंच आहे का, आणि विकणाऱ्याच्या मालकीचा आहे का?
२. किंमत, मुदत, वाटा आजच ठरलाय का?
३. बुडालं तर कोणाचं जाणार?
४. हे सगळं कागदावर आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला ‘तुमचं काहीच जाणार नाही’ असं उत्तर आलं, तर पाटीवर ‘हलाल’ लिहिलेलं असलं तरी तिथं पैसे गुंतवू नका.